साखर पेठेतला सर्व्हर

माळ्यावर नाही ठेवला, तिथं पत्रा तापतो.
देव्हाऱ्याखाली ठेवला, तर आई म्हणाली, उंदीर येतात.
शेवटी शिलाई मशीनच्या मोडक्या टेबलावर
टॉवेलच्या गठ्ठ्यांना टेकून बसला तो,
बंद पडलेल्या सायबर कॅफेतून
अठराशे रुपयांत आणलेला.

त्याला स्क्रीन नाही.
पाहुणे विचारतात, हा बंद आहे का?
मी म्हणते, हात लावून बघा.
ऊब असते,
नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या जागेसारखी.

आत नरसव्वाच्या नातीचं बारसं आहे,
कामगारांचे आठवड्याचे पगार,
वडिलांच्या छातीचे शेवटचे एक्स-रे,
आणि गल्लीच्या नळाची वेळ.
पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या,
कधी रात्री पावणेतीनला.
व्हॉल्व्ह फिरवला की गफूरभाई मला मिस्ड कॉल देतो,
मी एक ओळ टाइप करते,
बत्तीस घरांत दिवे लागतात.
त्यासाठी बत्तिसातल्या कुणी
जन्मतारीख लिहून दिलेली नाही कुठं.

वडील जेकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडायचे.
भोक असेल तिथं दोरा उठायचा,
नसेल तिथं गप्प.
मोराच्या चादरीचा संच मल्लेशम येमूल मागून घेऊन गेले,
परत आणला तेव्हा मोराला
एक तुरा जास्तीचा होता.
वडील काही बोलले नाहीत.
जेवून उठले आणि तोच तुरा
आपल्या कार्डांत पाडायला बसले.

मग सीडी आली, बरोबर बोटाएवढी चावी.
चावी लावल्याशिवाय नक्षी उघडायची नाही.
कंपनी बुडाली का विकली, कुणी कळवलं नाही,
एका मार्चात चावीवरचा हिरवा दिवा लागेना.
अकरा वर्षांची नक्षी, आमची,
आमच्याच घरात कुलपात.
वडील स्क्रीनला हळूच म्हणाले, तेलुगूत,
नाकु इव्ववा?
मला देणार नाहीस?

मी रात्री शिकले. चुकत, शिव्या देत.
ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिला त्याचं नाव
पहिल्याच ओळीत होतं, उच्चार जमला नाही.
खाली लिहिलेलं: घ्या, वाटा, बदला.
चालेलच अशी हमी नाही.
हमी नाही, हे इतकं सरळ
मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं,
ना सूत विकणाऱ्यानं,
ना मंगळसूत्र बांधणाऱ्यानं.

जुन्या चादरीवर भिंग धरून
एकेक चौकट पुन्हा भरली.
मोर पुरा झाला तेव्हा वडील नव्हते.

गेल्या मेमध्ये, चव्वेचाळीस डिग्रीत,
डिस्कनं टिक टिक केलं आणि सोडलं.
सहा आठवडे मी कॉपी घेतली नव्हती.
आळस, दुसरं काही नाही.
दारात बायका: ओ चिप्पाअक्का,
तुमचं मशीन मेलं अन् आमच्या घागरी कोरड्या की ओ!
तेव्हा येमूलांचा नातू आला,
पेनड्राइव्ह शेंगाचटणीच्या पुडीत गुंडाळलेला.
सगळं होतं त्याच्याकडे. मीच दिलं होतं कधीतरी.
म्हणाला, अक्का,
तुझ्या हिशेबात सुताचं वजन चुकत होतं,
मी दुरुस्त केलंय.

मी वडिलांसारखी नाही. मी चिडले.
कुणाला विचारून, म्हटलं.
रात्री उघडून बघितलं.
बरोबर होतं.
पेनड्राइव्हला अजून तिखटाचा वास येतो.

आता लाइट गेली की पेठेतले सगळे लूम
एकदम थांबतात,
कान सुन्न होतात,
आणि इन्व्हर्टरवर फिरणारा त्याचा पंखा तेवढा ऐकू येतो.
पावणेतीन. मिस्ड कॉल.
मी ओळ टाइप करून घागर घ्यायला उठते,
तर आई आधीच मोरीत.
तिच्याकडे फोन नाही.
म्हणते, नळ मघाशीच खाकरला.